फोनवर फुकट चालणाऱ्या गेमसाठी वीस हजारांचं यंत्र कोण घेतं?

प्रश्न असा आहे: "जुन्या व्हिडिओ गेमची नव्याने बनवलेली यंत्रं हल्ली दोनशे-अडीचशे डॉलरला विकली जातात आणि मिनिटांत संपतात. तेच गेम फोनवर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून फुकट खेळता येतात. मग ही यंत्रं घेतं कोण, त्यांत असं काय असतं, आणि मी घ्यावं का?"

ज्यांच्या घरात अजून गेमच्या जुन्या कॅसेट आहेत ते घेतात. बाकीचे त्यांचं बघून घेतात. एवढं पुरत असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. "मी घ्यावं का" याचं उत्तर मात्र जरा लांबचं आहे, कारण लहानपणी तुम्ही-मी ज्याला 'ओरिजिनल' म्हणत होतो ते ओरिजिनल नव्हतंच.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. जन्म १९८४ चा, बालपण मिरजेत. आता पुण्यात सर्किट बोर्ड तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि एफपीजीए नावाच्या चिपशी रोज झटापट असते. या वस्तूंच्या गिऱ्हाइकाचं चित्र काढायला सांगितलं तर साधारण माझंच निघेल: चाळिशी उलटलेली, हाताशी थोडे पैसे, आणि खेळायला वेळ म्हणाल तर सगळे झोपल्यावर.

तर पहिली गोष्ट. 'जुनं कन्सोल नव्याने' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू विकल्या जातात आणि लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात.

एक जात म्हणजे 'मिनी'. निन्टेन्डो या जपानी कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या एनईएस या ऐंशीच्या दशकातल्या यंत्राचा तळहातावर मावेल असा अवतार काढला. ६० डॉलर, आत ३० गेम भरलेले, कॅसेट घालायला खाच नाही. आत काय होतं? लिनक्सवर चालणारा छोटा संगणक आणि त्यात इम्युलेटर. म्हणजे तुमचा फोनच, फक्त करड्या डबीत. रिमोटची वायर जेमतेम ७५ सेंटीमीटर, त्यामुळे अमेरिकेतली पन्नाशीची माणसं टीव्हीसमोर जमिनीवर मांडी ठोकून बसली. (रिमोट म्हणजे कंट्रोलर. मिरजेत आम्ही रिमोटच म्हणायचो आणि मी तेच म्हणणार.) तरी दुकानांत टिकत नव्हता. सोनीने डिसेंबर २०१८ मध्ये १०० डॉलरला प्लेस्टेशनचा मिनी आणला, त्यात २० गेम होते. लोकांनी उघडून पाहिलं तर आत कोणालाही फुकट मिळणारा पीसीएसएक्स हा इम्युलेटर, आणि २० पैकी ९ गेम युरोपातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं) आवृत्तीचे, म्हणजे संथ. बोंबाबोंब झाली आणि थोड्याच महिन्यांत किंमत धाडकन खाली आली. हे ५० हर्ट्झचं प्रकरण ध्यानात असू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

मिनीबद्दल तुमचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. ती शोभेची वस्तू आहे. भाच्याच्या वाढदिवसाला द्यायला छान.

दुसरी जात एफपीजीएची. माझा जीव अडकलाय तो हिच्यात.

इम्युलेटर म्हणजे एकपात्री प्रयोग. एकच नट सासरा होतो, मग पदर घेऊन सासू होतो, मग हातात काठी घेऊन पोस्टमन होतो. नट तयारीचा असेल तर तुम्ही विसरूनही जाता की रंगमंचावर एकच माणूस आहे. पण सासरा आणि सासू एकाच क्षणी बोलायला लागले की त्याची पंचाईत होते, तो आधी एकाचं वाक्य उरकतो, मग दुसऱ्याचं. जुन्या यंत्रात असंच सगळे एकदम बोलत असतात. फॅमिकॉम (निन्टेन्डोचं १९८३ सालचं जपानी यंत्र, एनईएस हा त्याचाच अमेरिकन भाऊ) घ्या: गणित करणारी चिप सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके टाकते, आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला शेजारची चित्राची चिप पडद्यावर बरोबर तीन ठिपके पुढे सरकते. त्या काळचे प्रोग्रामर हा ताल धरूनच लिहीत. टीव्हीतला चित्र रंगवणारा किरण अमुक ओळीवर पोचला की पार्श्वभूमी सरकव, असले उद्योग.

एफपीजीए म्हणजे कोरी चिप, जिच्यातल्या हजारो छोट्या तर्कघटकांची जोडणी आपण हवी तशी करू शकतो. त्यात तुम्ही फॅमिकॉमची नक्कल 'चालवत' नाही, त्याचं सर्किटच मांडता. सासरा वेगळा, सासू वेगळी, पोस्टमन वेगळा आणि सगळे एकाच वेळी रंगमंचावर. उद्या दुसरी फाइल घातलीत की तीच चिप मेगा ड्राइव्ह, म्हणजे सेगा कंपनीचं जुनं यंत्र, होते.

सिअ‍ॅटलजवळची अ‍ॅनालॉग ही कंपनी याच गोष्टीवर उभी आहे. तिचा सुपर एनटी २०१८ मध्ये आला, १९० डॉलरला. सुपर निन्टेन्डोच्या (एनईएसनंतरचं यंत्र) जुन्या कॅसेट थेट घालायच्या आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडायचं. त्यातला खरा जीव केव्हिन हॉर्टन नावाच्या अभियंत्याने ओतलेला. हा माणूस वर्षानुवर्षं जुन्या चिपांना तारा लावून त्या कधी काय करतात याची नोंद करत बसलेला. मला अशा माणसांबद्दल गेम खेळणाऱ्यांपेक्षा जास्त आदर आहे. मग डिसेंबर २०२१ मध्ये त्या कंपनीचा पॉकेट आला, गेम बॉयच्या (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र) कॅसेट घेणारा. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता, पॉकेटचा आहे १६०० बाय १४४०. बरोबर दहापट. म्हणजे जुन्या एका ठिपक्याच्या जागी इथे दहा बाय दहाची चौकट मिळते, आणि त्या शंभर ठिपक्यांतून जुन्या पडद्याची पोपटी झाक, दोन ठिपक्यांमधली फट, सावली, सगळं रंगवता येतं. ऑगस्ट २०२० मध्ये नोंदणी उघडली तेव्हा काही मिनिटांत माल संपला होता.

कोण घेतं ते इथे सांगतो, कारण एक गिऱ्हाईक माझ्या घरातलंच आहे.

माझा मावसभाऊ आठ वर्षांचा असताना मावशी-काका न्यू जर्सीला गेले. तो तिकडेच वाढला. १९९८ मध्ये अमेरिकेत पोकेमॉनची लाल कॅसेट आली, ती त्याला ख्रिसमसला मिळाली आणि त्याने ती अजून जपून ठेवलीय. गेम बॉय कधीच मेला होता. पॉकेट हातात आल्यावर त्याने मला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅसेट आत सरकवली. या कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसा बटण सेल असतो. तो जिवंत तर तुमचा जतन केलेला खेळ जिवंत, तो संपला की सगळं पुसलं. त्याचा सेल अजून धुगधुगत होता. पडद्यावर त्याच्या पोकेमॉन प्राण्यांची यादी आली. त्यातल्या चारिझार्डचं नाव त्याने ठेवलं होतं 'लाडू'. "दादा, आजीने डब्यात पाठवलेले बघ तेव्हा," एवढं बोलून तो गप्पच झाला. आजीला जाऊन तोवर बारा वर्षं झाली होती.

फोनवर पोकेमॉन फुकट मिळेल, पण त्यात लाडू नसेल. (वेगळं यंत्र लावून कॅसेटमधला खेळ संगणकावर काढून घेता येतो, हे मला माहीत आहे. मी त्याला दुसऱ्याच दिवशी तसं करायला लावलं. सेलवर कुणी विश्वास ठेवावा?)

हा पहिला आणि खरा गिऱ्हाईकवर्ग. अमेरिका, जपान, युरोप इथल्या घरांत तळघरात, कपाटात कॅसेटचे खोके पडून आहेत. जुनी यंत्रं मरतायत, आणि नव्या टीव्हीला ती जोडली तर चित्र धुरकट येतं, कारण टीव्ही त्या जुन्या सिग्नलला भलतंच काहीतरी समजून सारवासारव करतो. त्यांना कॅसेट घालायला चांगली खाच हवी आहे. इतकी साधी गरज.

त्यांच्या मागून बरेच येतात. देखण्या वस्तूंचे शौकीन, ज्यांना गेमपेक्षा खोका आवडतो. गेम कमीत कमी वेळात संपवायला सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडणारे स्पीडरनर. घेऊन दुप्पट भावाने विकणारे, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. आणि खेळापेक्षा जोडाजोडीतच रमणारे, म्हणजे आमची जमात. आमच्यासाठी मिस्टर नावाचा प्रकल्प आहे, २०१७ पासूनचा, सगळा खुला. डीई१०-नॅनो नावाचा शिकाऊंसाठीचा एफपीजीए बोर्ड घ्यायचा, त्यावर मेमरीची छोटी पट्टी बसवायची, आणि जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेली सर्किटं त्यात भरायची. गेल्या वर्षा-दोन वर्षांत शंभर डॉलरच्या आसपासचे सुटसुटीत बोर्डही निघालेत. माझा जुना आहे, एका मित्राच्या बॅगेतून मोज्यात गुंडाळून आलेला.

आता तुम्ही म्हणाल, फरक खरंच जाणवतो का? 'यात इम्युलेशन नाही' अशी जाहिरात करतात त्यावर डोळे झाकून जाऊ नका. एफपीजीएमधलं सर्किटसुद्धा माणसानेच अभ्यास करून लिहिलेलं असतं. त्याला एखादी गोष्ट चुकीची कळली असेल तर ती चूक तितक्याच तत्परतेने चालते. उलट काही इम्युलेटर इतके काटेकोर आहेत की एफपीजीएवाले त्यांच्याशी ताडून बघतात. फरक जाणवतो तो बटण दाबल्यापासून मारिओ उडेपर्यंतच्या वेळात. एक चित्र साधारण १६.७ मिलीसेकंदांचं. फोन, ब्लूटूथचा रिमोट, वरून टीव्हीवर कास्ट केलेलं, असं प्रत्येकाने दोन-तीन चित्रं खाल्ली की तुमची उडी खड्ड्यातच जाते. पण चांगला संगणक, वायरचा रिमोट आणि नीट लावलेला इम्युलेटर असेल तर डोळे बांधून मलाही ओळखता येणार नाही. तसं कबूल केल्याबद्दल आमच्या जमातीत मला शिव्या बसतात.

आणि काही गोष्टी सपाट टीव्हीवर सहजासहजी परत येत नाहीत. डक हंट या बदकं टिपायच्या गेमची बंदूक. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुढच्या क्षणी फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तर बदक पडलं. हे सगळं डब्बा टीव्हीच्या तालावर बसवलेलं. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. निन्टेन्डोच्या मिनीतल्या ३० गेममध्ये डक हंट नाही.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आणखीही बरंच काही सापडलं नाही. कॉन्ट्रा नाही, त्याचा पुढचा भाग सुपर सी आहे. टँक नाही. सर्कस नाही. रोड फायटर नाही. मग बालपण कोणाचं भरलंय या डबीत? अमेरिकन मुलाचं, अर्थात. आपण ज्याला टँक म्हणायचो तो नामकोचा बॅटल सिटी, १९८५ चा, तिकडच्या एनईएसवर कधी निघालाच नाही. आपण मिरजेत, मालवणात, परभणीत जपानी पोरांचे गेम खेळत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

कारण आपल्याकडची यंत्रं क्लोन होती. लिटिल मास्टर असली काहीतरी नावं, आत तैवानच्या यूएमसी कंपनीने किंवा तिच्यासारख्या कुणी फॅमिकॉमवरून उतरवलेल्या चिपा. पिवळी कॅसेट, वर '९९९९९९ इन १', आत खरे गेम पंधरा-वीस, बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. आमच्या गल्लीत तो मे महिन्यात भाड्याने मिळायचा, दिवसाला तीस रुपये, अ‍ॅडॉप्टर तापला की वर ओला रुमाल (आज अंगावर काटा येतो). कॅसेट चालली नाही की फुंकर. रिमोटवर चार बटणं, त्यातली दोन टर्बो, धरून ठेवलं की आपोआप गोळ्या सुटायच्या. कॉन्ट्रात खूप गोळ्या झाल्या की माणूस लुकलुकायचा. त्याचं कारण असं की चित्राची चिप एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकते, नववं गायब. आम्हाला वाटायचं, लुकलुकताना गोळी लागत नाही. या समजुतीपायी मी किती लाइफ घालवल्या!

आता ते ५० हर्ट्झ. फॅमिकॉम जपानी टीव्हीसाठी बनला, सेकंदाला ६० चित्रं. आपला टीव्ही ५० चा. निन्टेन्डोने युरोपसाठी आपलं यंत्र बदललं तेव्हा गणिताच्या चिपचा ठोकाच कमी केला. क्लोनवाल्यांना तसं परवडणारं नव्हतं, त्यांना जपानी कॅसेट जशाच्या तशा चालायला हव्या होत्या. म्हणून त्यांनी ठोका जवळपास तोच ठेवला, एका ठोक्याला तीन ठिपके हा हिशोबही तोच ठेवला, आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी न दिसणाऱ्या रिकाम्या ओळी वाढवल्या. २६२ च्या जागी ३१२. गेम त्या ओळी संपेपर्यंत नुसता थांबतो. परिणाम काय? सूर जवळपास तेच, पण चाल सहाला पाच. म्हणजे तुम्ही-आम्ही ऐकलेलं मारिओचं संगीत जपानी पोराने ऐकलेल्यापेक्षा एक षष्ठांशाने संथ होतं. विलंबित मारिओ म्हणा हवं तर.

मला हे कॉलेजात कळलं. हॉस्टेलवर एकाच्या संगणकावर इम्युलेटरमध्ये मारिओ लावला आणि मला वाटलं फाइल बिघडलीय. संगीत घाईत, कासवं घाईत, पाणी सुटल्यासारखा सगळा खेळ पळतोय. मित्र म्हणाला, हेच बरोबर आहे. बरोबर असेल, पण माझं नव्हतं. आणि वीस-वीस वर्षं खपून ठिपक्याठिपक्यापर्यंत अचूकता गाठणारे हे लोक अचूकपणे जे परत आणत होते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मिस्टर घेतला त्या रात्री एनईएसच्या सर्किटचा मेनू चाळत होतो. यंत्राचा प्रकार निवडा: पहिला पर्याय एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० हर्ट्झची टीव्ही पद्धत), दुसरा पाल (युरोपची ५० ची), तिसरा डेंडी. डेंडी म्हणजे रशियात १९९२ पासून विकला गेलेला क्लोन, त्याच तैवानी घराण्यातला. कुणीतरी बसून नकलेचीसुद्धा तितक्याच इमानाने नक्कल केली होती, त्या ३१२ ओळींसकट. मी डेंडी निवडला, टीव्ही निमूटपणे ५० हर्ट्झवर गेला, आणि मारिओचे पहिले चार सूर कानावर पडताच मी मिरजेच्या घरात होतो, शहाबादी फरशी, पंख्याचा आवाज, सगळं.

अकरा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. दोन मिनिटं बघून म्हणाला, "मामा, याला ताप आलाय का?"

तर तुमचा शेवटचा प्रश्न. तुमच्याकडे गेम बॉयच्या किंवा सुपर निन्टेन्डोच्या खऱ्या कॅसेट असतील, किंवा परदेशात वाढलेल्या कुणाकडून मिळणार असतील, तर ती दोनशे डॉलरची यंत्रं जरूर घ्या. वर कस्टम ड्यूटी धरा, ती अंदाजापेक्षा जास्तच लागते. मिरज-परभणीछाप बालपण असेल तर ते घेऊ नका, तुमचा टँक तुम्हाला त्यात आयता मिळणार नाही. आधी संगणकावर चांगला इम्युलेटर टाका, सेटिंगमध्ये 'डेंडी' असा पर्याय शोधा, वायरचा स्वस्त यूएसबी रिमोट घ्या आणि हेडफोन लावून बघा. तेवढ्याने काहीच झालं नाही तर वीस हजार वाचले. झालं तर मग मिस्टरचं बघू, मला खाली विचारा, कुठली मेमरी पट्टी घ्यायची ते सांगतो. आणि माळ्यावर ती पिवळी कॅसेट सापडली तर फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि त्याने पुसा.